भागीरथामावशीचा पाय आणि माझी शेवटची ओळ

मित्रांनो, पाठीला पोक काढून वाचताय ना? मला ठाऊकच होतं. मान वर करा, खांदे मागे घ्या, मग पुढचं सांगतो. मी एक जुना तक्ता आहे आणि लोकांना सरळ उभं राहायला सांगण्यात माझी सात वर्षं गेली. त्यातल्या बहुतेक काळात ज्यांनी खरोखर ऐकलं ते हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातही अंगठा सोडून द्या.

माझा जन्म वर्ध्यातल्या एका छापखान्यात झाला. जाड चकचकीत कागद, वर-खाली पत्र्याच्या पट्ट्या आणि लटकवायला एक कडी. मला बनवून घेणाऱ्या हर्षाताई तेव्हा फिजिओथेरपी शिकत होत्या. गिरडच्या आसपासच्या खेड्यांत कंबरदुखीची शिबिरं घ्यायची, त्यासाठी त्यांना तक्ता हवा होता. छापखान्यातल्या माणसाने तयार चित्रं दाखवली. त्यात घट्ट कपड्यांतली एक गोरी बाई होती आणि तिच्या मागे समुद्र होता. हर्षाताई म्हणाल्या, आमच्या बायका कापूस वेचतात, त्या समुद्र बघून काय करतील? मग त्यांनी स्वतः बसून चित्रं काढली. खोचलेलं लुगडं, घट्ट अंबाडा, पन्नाशी ओलांडलेली एक बाई. तीच पाच वेळा काढली, पाच तऱ्हांनी उभी.

उभी, बरं का. सतरंजी नको, पलंग नको, जमिनीवर लोळणं नको. पहिल्या चित्रात ती दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूच मागे कलते. दुसऱ्यात भिंतीला तळवे टेकून पावलं मागे घेते आणि पाठ पाटासारखी सपाट करते. तिसऱ्यात एक हात वर करून बाजूला झुकते. चौथ्यात हात मांडीवर टेकून पाठ मांजरीसारखी गोल करते, मग खाली सोडते. पाचव्यात पावलं जागच्या जागी ठेवून वरचं अंग तेवढं वळवते, आधी डावीकडे, मग उजवीकडे. प्रत्येक प्रकार पाच वेळा, सावकाश, श्वास न कोंडता. चुलीवर ठेवलेला चहा उकळेपर्यंत सगळं होऊन जातं.

आणि सगळ्यात खाली एक ओळ आहे. 'पायाला मुंग्या येत असतील, पाय बधिर झाला असेल किंवा लघवी अडली असेल, तर व्यायाम करू नका, कंबर दाबून घेऊ नका, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा.' ही ओळ हर्षाताईंना मोठ्या लाल अक्षरांत हवी होती. छापखान्यातला माणूस म्हणाला, जागा उरली नाही. म्हणून ती मुंगीएवढ्या अक्षरांत खालच्या पट्टीला चिकटून बसली. माझ्यावरची सगळ्यात मोलाची गोष्ट सगळ्यात बारीक. माझ्यावर दहा हात छापलेत, पण वैतागून कपाळावर मारून घ्यायला त्यातला एकही माझ्या कामाचा नाही.

शिबिराच्या दिवशी मला त्यातल्याच एका गावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलं. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं आली तीन. त्यातला एक पंचायतीचा शिपाई तानबा, तो आला कारण कुलपाची किल्ली त्याच्याकडे होती. उरलेले दोघे दाखला न्यायला आले होते आणि खुर्ची दिसली म्हणून बसले. हर्षाताईंनी त्या तिघांना पाचही प्रकार करून दाखवले. तानबा तेवढा वेळ माझ्याकडे बघून जांभया देत होता.

गावात कंबरदुखी नव्हती असं समजू नका. गावात कंबरा होत्या आणि त्या सगळ्या दुखत होत्या. पण तो दिवस होता बुधवार, आणि बुधवारी सकाळी गावातल्या साऱ्या दुखऱ्या कंबरा भागीरथामावशीच्या अंगणात असतात.

आता हे तुम्हाला नीट सांगायला हवं. जन्माला येताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, त्याला पायाळू म्हणतात. आपल्याकडे लोक मानतात की पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते. भागीरथामावशी पायाळू. दुखणारा माणूस तिच्या अंगणात पोत्यावर पालथा पडतो, ती डाव्या पायाचा तळवा त्याच्या कमरेवर तीनदा टेकवते, तो उठतो आणि म्हणतो, मोकळं वाटलं. अहो, साधी उसण चार दिवसांत आपली आपण उतरते. सोमवारी भरलेली उसण शुक्रवारी जाणारच होती, मध्ये बुधवार आला एवढंच. पण हे ऐकतंय कोण? श्रेय पायाला.

पण मावशीचा मला तेव्हा जेवढा राग यायचा, तेवढा आता येत नाही. तिचा नवरा लवकर गेला. एकुलती मुलगी लग्न होऊन हिंगणघाटला. मावशी सकाळी पंचायत झाडते आणि हंगामात दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचते. एरवी तिला कुणी बस म्हणत नाही. मात्र बुधवारी माजी सरपंच मधुकररावसुद्धा तिच्या अंगणात पालथे पडतात आणि उठताना हात जोडतात. आठवड्यातला तो एक तास म्हणजे तिचा सगळा मान. ती त्याबद्दल कुणाकडून काही घेत नाही, चहासुद्धा नाही.

शिबिर संपल्यावर हर्षाताई मला गावासाठी तिथेच ठेवून गेल्या. भिंतीवरची माझी दोन वर्षं कशी गेली ते विचारू नका. आधी माझ्या तिसऱ्या चित्रावर निवडणुकीची नोटीस आली. मग कुणीतरी कॅलेंडर लावताना चौथ्या चित्राच्या बरोबर पाठीत खिळा ठोकला. ज्या पाठीला जपा म्हणून मी ओरडतो, त्याच पाठीत! पुढे भिंतीला रंग द्यायचा निघाला तेव्हा तानबाने मला काढलं, गुंडाळलं, वर सुतळी बांधली आणि कपाटावर फेकलं. तिथे मी तीन वर्षं पडून होतो. गुंडाळलेल्या कागदाचं काय होतं तुम्हाला माहीत आहे. त्याला तसंच राहायची सवय लागते. ताठ उभं राहा म्हणून जगाला शिकवणारा मी स्वतः आतून पार वाकून गेलो होतो.

मग एका सकाळी तानबाने मावशीला सांगितलं, हा वरचा कचरा जाळून टाक. तिने सगळं जाळलं, मला मात्र घरी नेलं. माझ्यावर प्रेम होतं म्हणून नव्हे. तिच्या दाराआडच्या भिंतीला भेग पडली होती आणि तिला ती झाकायची होती.

घरी तिने सुतळी सोडली आणि मला जमिनीवर पसरलं. मी लगेच गुंडाळला गेलो. तिने परत पसरलं, मी परत गुंडाळलो. तिसऱ्यांदा ती वैतागली आणि सरळ माझ्यावर उभी राहिली. वरच्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंत तळवे दाबत चालत गेली, पुन्हा मागे आली. मी सपाट झालो. गैरसमज नको, सपाट झालो तो पत्र्याच्या पट्ट्यांमुळे.

आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण अक्षरांच्या कागदाला पाय लावला. बाजूला होऊन ती मला नमस्कार करायला खाली वाकली, आणि तशीच राहिली. तिला वर येता येईना. एक हात माझ्यावर, एक हात कमरेवर. साऱ्या गावाच्या कंबरा मोकळ्या करणारी बाई स्वतःच्या घरात अर्धी वाकून अडकली होती. तिचं तोंड माझ्या पहिल्या चित्राच्या अगदी समोर आलं. बराच वेळ ती त्या लुगड्यातल्या, कमरेवर हात ठेवलेल्या बाईकडे बघत राहिली.

"अवं, हे तर मीच हाये," ती हळूच म्हणाली.

तेव्हा मला कळलं. तिची कंबर सहा महिन्यांपासून धरली होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? पायाळूची कंबर दुखते म्हटल्यावर लोक म्हणणार, पायातला गुण गेला. गावात दुसरं पायाळू माणूसही नाही, की तिच्या कमरेला पाय लावावा. तिची दोन्ही बाजूंनी कोंडी झाली होती. पंचायत झाडताना ती भिंतीला धरून सरळ व्हायची. वावरात वेचलेला कापूस भरायची ओटी कमरेला बांधून दिवसभर वाकायची आणि संध्याकाळी सगळ्या बायका पुढे गेल्या की मागून एकटी यायची, चालणं कुणी बघू नये म्हणून.

तर तिने मला दाराआड टांगलं. दार उघडं असलं की मी पूर्ण झाकलेला, आणि बिजागरीच्या फटीतून मला अंगणाची एक पट्टी दिसायची. खालचा भाग ज्वारीच्या कोठीमागे गेला. म्हणजे माझी शेवटची ओळ पुन्हा एकदा गडप.

दुसऱ्या दिवसापासून ती दार लावून व्यायाम करू लागली. चौथीपर्यंत शिकलेली होती, एकेक अक्षर जुळवून वाचायची. मला वाटलं, सात जन्मांचं पुण्य फळाला आलं. कसलं काय! पहिल्या दिवशी तिने पाच वेळा लिहिलेलं एकवीस वेळा केलं, कारण पाच आकडा तिला फार किरकोळ वाटला. वळायचा प्रकार तर असा झटके देऊन केला की ओलं धोतर पिळतेय असं वाटावं. सावकाश! सावकाश असं लिहिलंय तिथे, दोनदा लिहिलंय! दोन दिवस तिला उठवेना, तेव्हा कुठे तिने 'सावकाश' हा शब्द बोट ठेवून वाचला.

बरं, पुढे जमू लागलं. सात-आठ दिवसांत तिला सकाळी उठताना भिंत धरावी लागेना. आणि आता ऐका, गुण आल्यावर माणसं काय करतात ते. तिने माझी पूजा सुरू केली. पहिल्या चित्रातल्या बाईच्या कमरेवर हळदकुंकू लावलं. माझ्या कडीला दोरा बांधला. रोज उदबत्ती. पुढे पुढे तर काही दिवस नुसती उदबत्ती लावायची, हात जोडायची आणि कामाला जायची. व्यायाम राहिला बाजूला! मी देव नाही हो, मी तक्ता आहे. माझ्यासमोर हात जोडायचे नाहीत, कमरेवर ठेवायचे. हे तिला ओरडून सांगावंसं वाटायचं. तीन दिवस नुसती उदबत्ती झाली की चौथ्या दिवशी कंबर तिला आठवण करून द्यायची, आणि ती माझ्यावरच रागवायची.

तरी वर्षभरात ती बरीच सुधारली हे मान्य करतो. वावरात ओळ संपली की ती कमरेची ओटी सोडून ठेवायची आणि मागे कलायची. बायकांनी विचारलं की म्हणायची, आभाळ पाहून राह्यली. संध्याकाळी हे मला सांगताना तिला हसू यायचं. बुधवारचं अंगण मात्र तसंच चालू होतं. बाहेर ती लोकांच्या कमरेला पाय लावायची, आत येऊन माझ्यासमोर उभी राहायची. मी फटीतून पाहून जळफळायचो.

दिवाळीच्या आधी भिंती चुन्याने पोतायच्या म्हणून तिने कोठी सरकवली आणि माझी शेवटची ओळ उजेडात आली. तिने खाली बसून ती वाचली. एकदा वाचली, मग परत वाचली.

"इतकं कामाचं इतकं बारीक काऊन लिहिलं?" तिने मला विचारलं.

काय सांगणार? तेच तर मी सात वर्षं विचारतोय. पण मित्रांनो, तिने कोठी परत जागेवर ठेवली नाही, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी कुणी केलेली ही पहिली शहाणपणाची गोष्ट.

गेल्या हंगामात, कापसाची दुसरी वेचणी चालू असताना, एका बुधवारी सकाळी अंगणात गलका झाला. मी फटीतून पाहिलं. चार माणसं खाटेवर नत्थूजींना घेऊन आली होती. नत्थूजी म्हणजे मधुकररावांचे धाकटे भाऊ, साठीचा शांत माणूस. दोन दिवसांपूर्वी विहिरीतली मोटर वर ओढताना त्यांच्या कमरेत कडकन झालं होतं. सोबत त्यांची सून रीता होती, तिचे डोळे सुजलेले. मधुकरराव पुढे झाले. म्हणाले, भागीरथाबाई, आज जरा जोर देऊन पाय लावा, दुखणं जबर आहे.

माणसांनी नत्थूजींना पोत्यावर पालथं केलं. मावशी जवळ गेली. तिने डावा पाय उचललासुद्धा. अंगणात आलेले वीसेक लोक बघत होते. मी फटीतून बघत होतो आणि माझी शेवटची ओळ माझ्यावर नुसती जळत होती. तोंड असतं तर मी काय ओरडलो असतो ते तुम्हाला ऐकवण्यासारखं नाही.

तिचा पाय हवेतच थांबला. नत्थूजींचं डावं पाऊल मेल्यासारखं आडवं पडलं होतं, ते तिला दिसलं. तिने पाय खाली ठेवला आणि त्यांच्या कानाशी बसून काहीतरी विचारलं. बोटं हलवून पाहा म्हणाली. हलेनात. चिमटा काढला, तो त्यांना कळला नाही. मग तिने अजून हळू आवाजात विचारलं आणि नत्थूजींनी लाजून मान हलवली. काल संध्याकाळपासून लघवी झाली नव्हती.

मावशी उठली आणि घरात आली. दार पुढे ओढून तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर भीती स्पष्ट दिसत होती. पाय लावला असता तर कुणी तिला बोललं नसतं. बरं झालं असतं तर पायाचा गुण, नसतं झालं तर नत्थूजींचं नशीब. आणि पाय न लावावा तर कारण सांगावं लागणार होतं. तिने हात वर करून मला खिळ्यावरून काढलं, उराशी धरलं आणि बाहेर उन्हात नेलं.

मधुकररावांना वाटलं, कुठल्या देवाचा फोटो आणला. हळदकुंकू होतंच माझ्यावर. ते हात जोडायला लागले तेवढ्यात मावशी बोलली.

"मी आज पाय लावत नाई. यायले आत्ताच्या आत्ता वर्ध्याले न्या. पाय सुन्न हाये, लघवी अडली हाये. इथं लिहिलं हाये, वाचून दाखवतो." आणि तिने माझी शेवटची ओळ वाचली. एकेक अक्षर जुळवत, मोठ्याने, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी. इतक्या वर्षांत ती ओळ पहिल्यांदा कुणाच्या तरी कानावर पडली.

मधुकरराव संतापले. असल्या कागदावर विश्वास ठेवून तू पाय लावणार नाहीस, एका कागदापायी माझ्या भावाला तळमळत ठेवणार? असं बरंच काही म्हणाले. तेव्हा मावशीने ते सांगितलं जे तिने आपल्या मुलीलाही सांगितलं नव्हतं.

"मधुकरराव, दीड साल झालं, माहीच कमर धरली होती. मले वाकता येत नव्हतं. माह्या पायानं माही कमर नाई सुटली. या कागदावरच्या बाईनं सोडवली. दाराआड लपून करत होती, तुमी मले हसान म्हणून. पायात गुण असता तं मले काऊन लपा लागलं असतं?"

पोत्यावर पडलेल्या नत्थूजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग रीता पुढे आली. तिने सासऱ्यांच्या थोरल्या भावासमोर आजवर आवाज चढवला नव्हता. ती एवढंच म्हणाली, "मोठे बाबा, गाडी काढा." मधुकररावांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि ते गाडी काढायला गेले.

त्याच दिवशी वर्ध्याला नत्थूजींचं ऑपरेशन झालं. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी तानबाकडून कळलं. पण पायांत जीव परत येईल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते.

पुढचा बुधवार आला. मावशीने अंगण सारवलं, पोतं अंथरलं. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही कुणी आलं नाही. गावात मधुकरराव सांगत होते की तिच्या पायातला गुण गेला, तिनेच कबूल केलं. पंचायतीत झाडताना लोक तिच्याशी पूर्वीइतकंही बोलेनात. मला तिने खिळ्यावर परत टांगलं होतं, पण व्यायाम बंद, उदबत्तीही बंद. दुसऱ्या रिकाम्या बुधवारी ती पोतं गुंडाळून आत आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"झालं तुह्या मनासारखं?" ती म्हणाली.

मित्रांनो, मी आयुष्यभर लोकांवर चिडलो. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःवर चिडलो. मला हवं होतं की लोकांनी पायाचा नाद सोडून माझ्याकडे बघावं. लोकांनी पायाचा नाद सोडला खरा, पण माझ्याकडे तर कुणी पाहिलंच नाही. आणि जी एकटी बघत होती, तिचा मान माझ्यापायी गेला. ती पुन्हा वाकून चालू लागली होती, ते मला दिसत होतं. उठ बाई, कमरेवर हात ठेव, माझ्यावरचा राग माझ्यावर काढ पण पाठीवर काढू नको. हे सगळं मी मनात म्हणत होतो, पण ते तिच्यापर्यंत पोचणार कसं?

असे सहा बुधवार गेले. सातव्या बुधवारी अंगणात काठीचा आवाज आला. फटीतून मला आधी काठी दिसली, मग एक पाऊल, मग दुसरं. नत्थूजी आले होते. रीता बाजूला होती, पण तिने त्यांना धरलं नव्हतं. ते रस्त्याने चालत आले होते, आणि वाटेत जो दिसेल तो त्यांच्या मागे आला होता, सगळ्यात शेवटी मधुकरराव. रीताने मावशीला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस घरी ठेवलं असतं किंवा कमरेवर दाब दिला असता, तर पाय आयुष्यभर हलले नसते.

मावशी ओट्यावर उभी होती. नत्थूजी कमी बोलणारा माणूस, त्यांनी काठी टेकून आधी श्वास घेतला.

"भागीरथाबाई," ते म्हणाले, "तुह्या पायानं लय जणाच्या कमरा मोकळ्या झाल्या असतीन. माहे पाय वाचले ते तू न लावलेल्या पायानं."

मावशीने पदर तोंडाला लावला आणि ती रडली. मागे उभे असलेले मधुकरराव घसा साफ करत राहिले. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी एवढंच विचारलं की पुढच्या बुधवारी अंगण चालू आहे ना, कारण त्यांची कंबर पंधरा दिवसांपासून ठणकत होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. लोकांना अक्कल आली, पायाचा नाद सुटला, सगळे तक्त्यापुढे उभे राहिले, असं मी तुम्हाला सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! पण मी खोटं सांगत नाही. पुढच्या बुधवारी तीस माणसं आली आणि सगळ्यांना पायच हवा होता. आता तर म्हणे, हिला पाय न लावताच कळतं कुणाची कंबर साधी आणि कुणाची नाही, केवढा हा गुण! मी ऐकून थक्क झालो. अरे, ते तिला कळलं कारण तिने वाचलं! वाचलं! पण जाऊ द्या.

मावशी मात्र पूर्वीची राहिली नव्हती. तिने मला दाराआडून काढून ओट्यावरच्या भिंतीला लावलं, सगळ्यांना दिसेल असं. माझी शेवटची ओळ तिने कोळशाने शेजारी भिंतीवरच मोठ्या अक्षरांत लिहिली. दोन अक्षरं चुकली आहेत, पण ती लांबून वाचता येते. आणि मग तिने सगळ्यांना नियम सांगितला.

"आधी पाय सुन्न हाये का ते सांगजो. नसन तं या बाईसारखं एकवीस दिवस उभं राहजो. सावकाश. मंग येजो, मी पाय लावतो."

तेव्हापासून दर बुधवारी तीस माणसं माझ्यासमोर उभी राहतात. मधुकरराव कण्हत कण्हत चारच प्रकार करतात, पाचवा त्यांना पटत नाही म्हणतात. कापूस वेचणाऱ्या बायका आता ओळ संपली की ओट्या सोडून सगळ्याच मिळून आभाळ पाहतात. एकविसाव्या दिवसापर्यंत बहुतेकांची कंबर सुटलेली असते. तरी एकविसाव्या दिवशी ते पायासाठी येतातच, मावशी हळूच पाय टेकवते, ते उठतात आणि म्हणतात, मोकळं वाटलं. वीस दिवस मी राबलो, आणि श्रेय पुन्हा पायाला! डोकं फिरायचं बाकी राहतं.

पण एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली आहे, ती आता सांगून टाकतो. मी सपाट झालो तो पत्र्याच्या पट्ट्यांमुळे, असं मघाशी म्हणालो. पट्ट्या मला पहिल्यापासूनच होत्या. त्या असतानाच मी तीन वर्षं वाकून पडलो होतो. त्या दिवशी मावशी माझ्यावरून तळवे दाबत चालत गेली आणि मी सरळ झालो, तो आजतागायत सरळ आहे. हे मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही मधुकररावांना सांगू नका, नाहीतर ते मलाही पायाच्या रांगेत उभं करतील.

फार वाचलंत. आता पुस्तक खाली ठेवा, उभे राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि हळूच मागे कला. घरात कुणी भिंत धरून उठत असेल तर त्यांनाही शेजारी उभं करा. आणि त्यांचा पाय बधिर झाला असेल, तर मला तिथेच सोडा, कुणाचा पाय-बीय शोधत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या.